मागचा माठ

सोजरबाई उभी राहिली तेव्हा सभा जवळजवळ संपलेली होती. बायका पदर झटकून उठायच्या बेतात होत्या, मांडीवरची लेकरं किरकिर करायला लागली होती, आणि कॉम्रेड शेणोलीकर शेवटची घोषणा द्यायला हात वर करून उभे होते.

"माझं एक राहिलं," सोजरबाई म्हणाली.

कॉम्रेडनी हात खाली घेतला.

"मजुरीचं बोललात, छाटीचं बोललात. सगळं बरोबर आहे. आता पाण्याचंही बोला. पुढचा रांजण सगळ्यांचा करा आणि मागचा माठ काढा. एवढं मागण्यांत घाला."

किरकिरणारी लेकरंसुद्धा गप्प झाली असं मला वाटलं. तसं काही झालं नसेल. पण आम्ही बायका मात्र जागच्या जागी थिजलो, एवढं खरं.

बहात्तरचा मोठा दुष्काळ पडला त्या सालातली ही गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात आमची बिडीची ब्रँच होती. ब्रँच म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. सकाळी आत शिरायचं, तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून घ्यायची, ओळीनं बसायचं आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळायच्या. संध्याकाळी चेकर यायचा. भरलेल्या बिड्यांतून मूठमूठ बाजूला काढायचा, ह्या सैल, ह्या वाकड्या म्हणून. तिला म्हणायचे छाट. छाटीची मजुरी आम्हाला मिळायची नाही आणि त्याच बिड्या बाजारात मात्र विकल्या जायच्या. संप त्यासाठीच करायचा ठरत होता.

शेडच्या तोंडाशी सावलीत पाण्याचा मोठा रांजण होता. वर लाकडी झाकण, झाकणावर पितळी ओगराळं. तो आमचा. आमचा म्हणजे पद्मशाल्यांचा, लिंगायतांचा, मराठ्यांचा, धनगरांचा, म्हणजे ज्यांना कोणी कधी अडवलं नाही त्या सगळ्यांचा. आणि शेडच्या पाठीमागे, पानांच्या गोदामाला लागून एक माठ होता. भीमनगरच्या बायका त्यातलं पाणी प्यायच्या. हा नियम कोणी केला ते कोणाला माहीत नव्हतं. भिंतीवर तसं काही लिहिलेलंही नव्हतं. मी लग्न होऊन नवी नवी कामाला आले तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, तरी पहिल्या दिवशीच कळलं.

सोजरबाई बनसोडे भीमनगरची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ओळीत ती माझ्या शेजारीच बसायची. आमच्या घरात तेलुगू. माझं मराठी तेव्हा अगदी मोडकं होतं. ते सरळ केलं तिनं, बिड्या वळता वळता. मी तिला सोजरक्का म्हणायची. पण त्या दिवशी सभेत मला तिचा रागच आला. घरी धान्य संपत आलेलं, नवऱ्याचा माग सुताअभावी बंद पडलेला, आणि हिला आत्ताच हे आठवावं.

कॉम्रेड शेणोलीकर भला माणूस. जातीनं ब्राह्मण, पण भीमनगरात जाऊन भाकरी खाणारा. तुरुंग भोगून आलेला. त्यांनी तिला समजावून सांगितलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के न्यायाचं आहे, पण आत्ता ते काढलं तर एकी फुटेल. आधी पोटाची लढाई जिंकू, मग हेही सुटेल.

"जिंकल्यावर कोण कोणाला ओळखतं, कॉम्रेड?" सोजरबाई म्हणाली.

"फूट पडेल हो बाई. मालक त्याचीच वाट बघतोय."

"फूट आहेच की. एक रांजण पुढं, एक माठ मागं. मी पाडत नाही, फक्त बोट दाखवतेय."

कॉम्रेड म्हणाले, मी स्वतः तुमच्या घरी जेवतो ना? तर ती म्हणाली, जेवता, ते तुमचं मोठेपण. मी तुमचं नाही विचारत, ह्या बायांचं विचारते. आणि मग तिनं आमच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोपऱ्यातून फक्त हाजराबी बोलली. ती घरून स्वतःचा तांब्या आणायची. "मी कुठल्या रांजणाची, ते तर अजून ठरलेलंच नाही," असं म्हणून ती हसली. आणखी कोणी हसलं नाही.

ती मागणी घातली गेली नाही. सोजरबाईनंही हट्ट धरला नाही. "बरं," म्हणाली, "तुमची एकी तुम्ही सांभाळा. मी संपात आहेच." आणि खाली बसली.

घरी येताना माझी सासू बरोबर होती; तीही ब्रँचमध्येच बिड्या वळायची. नरसुबाई गड्डम म्हणजे पूर्व भागात मोठं प्रस्थ. उंच, हाडापेराची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पहिल्या संपात पोलिसांनी तिला गाडीत घातलं तर गाडीतूनही घोषणा देत गेलेली. घरात तिला आम्ही अत्तम्मा म्हणायचो, आमच्यात सासूला तसंच म्हणतात. उंबऱ्यापाशी चपला काढताना ती म्हणाली, सोजर वाईट नाही, पण पाणी ते पाणी. एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी संप सुरू झाला तेव्हा आमच्या कणगीतली निम्मी ज्वारी हिनंच पिशवीत भरून भीमनगरात सोजरबाईच्या दारात नेऊन ठेवली. तिला तीन लेकरं, नवरा आजारी, हे अत्तम्मा विसरली नव्हती. ज्वारी दिली, दारातच उभी राहिली, आणि परत आली. यात काही विसंगत आहे असं तिला मुळीच वाटलं नाही.

संप लांबला. महिना उलटला. रोज सकाळी आम्ही ब्रँचच्या फाटकाबाहेर धुळीत बसायचो. नळाला दोन दिवसांआड धारभर पाणी यायचं, तेही यायचं बंद झालं. शहराबाहेर खडी फोडायची कामं निघाली होती; कितीतरी जणींचे नवरे तिकडे गेले. लग्नातले पैंजण मी तेव्हाच मोडले. फाटकापाशी बसून बसून बायकांत कुरबुर व्हायला लागली. पण एक सांगते, रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली असायची ती सोजरबाई. घोषणा तिच्याइतक्या खड्या आवाजात कोणाच्या नव्हत्या. तिचा दीर माणिक हा तरणा, शिकलेला. तो एकदा तिथं येऊन सगळ्यांदेखत तिला बोलला होता. वहिनी, ज्या बाया तुझ्यासोबत घोटभर पाणी पीत नाहीत त्यांच्यासाठी तू लेकरं उपाशी ठेवतेस? आपण आपलं बघावं. ती त्याला एवढंच म्हणाली होती की, छाट माझ्या बिड्यांचीही काढतात.

मग एका सकाळी फाटक उघडलं आणि मॅनेजर बाहेर आला. त्यानं खुर्चीही आणवली नाही, उभाच राहिला. हात जोडून, हसतमुखानं.

म्हणाला, मालकांनी फार विचार केलाय. मजुरीचं, छाटीचं बघू पुढं. दुष्काळ सरला की बोलू. पण एक गोष्ट मालकांच्या मनाला फार लागली. या स्वतंत्र देशात आपल्या ब्रँचमध्ये दोन जागी पाणी असावं, हे शोभत नाही. तेव्हा आजपासून मागचा माठ बंद. सगळ्यांना एकच रांजण. जी अडवेल ती कामावरून जाईल. आणि मग तो सरळ सोजरबाईकडे वळला.

"सोजरबाई, तुमचं म्हणणं मालकांनी मान्य केलं. तुम्ही न्याय मागितलात, तुम्हाला मिळाला. आता तुमच्या बायकांना घेऊन आत चला."

सभेतलं बोलणं त्याच्यापर्यंत कसं गेलं कोण जाणे. पण चाल मात्र त्यानं अचूक केली होती. भीमनगरच्या बायका आमच्यात तिसरा हिस्सा. त्या आत गेल्या असत्या तर संप तिथंच संपला असता. आणि त्यांनी तरी का जाऊ नये? त्यांचं मागणं आम्ही ऐकलं नव्हतं, मालकानं ऐकलं होतं. मी कॉम्रेडकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. 

सोजरबाई उठली. लुगडं झटकलं. सावकाश मॅनेजरसमोर गेली.

"साहेब, हे मी तुमच्याकडं मागितलंच नव्हतं," ती म्हणाली.

मॅनेजर गोंधळला. म्हणाला, पण आम्हाला तर असं कळलं की...

"कळलं ते अर्धंच कळलं. पाणी महापालिकेचं. रांजण कुंभारानं केलेला. तुम्ही मला कधी तिथं अडवलं नाही, खोटं कशाला बोलू? मला अडवतात त्या ह्या." तिनं मागं वळून न बघताच आमच्याकडे हात केला. "तेव्हा द्यायचं तर ह्यांनी द्यायचं. तुमच्याकडनं मजुरी घेणार आणि छाट बंद करून घेणार. पाणी मी ह्यांच्याकडनं घेईन. आज नाहीतर उद्या घेईन, पण ह्यांच्याकडनंच."

आणि ती परत येऊन होती त्या जागी, माझ्या शेजारी, धुळीत बसली.

टाळ्या पडल्या नाहीत. घोषणा झाली नाही. कॉम्रेड पुढं आले, तिला काहीतरी म्हणणार होते, तर तिनं हातानंच थांबवलं. मॅनेजर आत निघून गेला. फाटक लागलं. मला आठवतं ते इतकंच, की शेजारी बसलेल्या सोजरक्काच्या दंडाला माझा दंड लागलेला होता. मी तो काढून घेतला नाही.

त्या दिवशी घरी आल्या आल्या अत्तम्मा चुलीपाशी गेली. चूल पेटवली, कण्या शिजत ठेवल्या आणि चुलीकडे बघत बसली. मग तेलुगूत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आज तिनं आपल्याला सोडून दिलं असतं, तरी मला तिला नाव ठेवता आलं नसतं."

पंधरवड्यानं मालक नमला. सगळं मिळालं असं नाही. मजुरीत मागितली होती त्याच्या निम्मी वाढ. पण छाट मात्र कायमची बंद. चेकरनं बिडी बाजूला काढली तर तिथंच मोडायची, विकायची नाही, असं ठरलं. आमच्या दृष्टीनं तीच मोठी गोष्ट होती. संध्याकाळी विणकरांच्या सोसायटीच्या अंगणात सभा भरली. बायकांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रया आली होती. कुणीतरी गूळ आणला होता. कॉम्रेडनी विचारलं, मग उद्या कामावर ना?

"उद्याच," अत्तम्मा उठत म्हणाली. "पण आधी मागचा माठ हलेल, मग सुपं मांडीवर."

आमच्या गल्लीतल्या बायकांत चुळबुळ झाली. एक म्हणाली, मालकानं देऊ केलं ते सोजरनंच घेतलं नाही, आता आपण कशाला काढायचं? दुसरी म्हणाली, जातीतले पंच विचारतील. अत्तम्मा म्हणाली, विचारतील तेव्हा त्यांना माझं घर दाखवा. मग यल्लूबाई उभी राहिली. ती आमच्याच नात्यातली, जिभेची तिखट. तिनं सरळच विचारलं.

"नरसुबाई, तुम्ही पिणार का त्या रांजणातलं?"

सोजरबाई समोरच बसली होती. अत्तम्मा तिच्याकडे बघत बोलली, यल्लूबाईकडे नाही.

"नाही पिणार. माझ्या घशाखाली उतरणार नाही. साठ वर्षांचा घसा आहे, माझं ऐकत नाही. मी घरनं तांब्या आणीन. जिला माझ्यासारखं वाटतं तिनं घरनं आणावं. ओझं आपलं आहे, आपण वाहावं. पण जिला प्यायचंय तिला उद्यापासून मागं जावं लागणार नाही."

सगळ्यांचं लक्ष सोजरबाईकडे. ती या बोलण्यानं दुखावेल, उठून जाईल, असं मला वाटलं. तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला, चघळला.

"चालेल," म्हणाली. "म्हातारी खोटं तरी बोलली नाही."

अत्तम्मानं ते शेवटपर्यंत पाळलं. पुढं सात-आठ वर्षं ती कामाला आली, आणि रोज पितळी तांब्या घेऊन आली. उन्हाळ्यात दुपारीच तो रिकामा व्हायचा. मग ती तशीच तहानलेली बसायची, पण कुणाला काही म्हणायची नाही. सोजरक्का आता पुण्याला लेकीकडे असते. आम्ही दोघी फोनवर बोलतो तेव्हा अजून यावरून भांडतो. ती म्हणते, तुझ्या सासूनं अर्धंच दिलं. मी म्हणते, जेवढं तिच्या हातात होतं तेवढं सगळं दिलं. आणि मग दोघी हसतो. नातवंडांना वाटतं, म्हाताऱ्यांना भांडायला दुसरा विषय नाही.

पण ती सकाळ सांगायची राहिली.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडल्या उघडल्या अत्तम्मा शेडच्या मागं गेली. हाजराबी आणि मीही गेलो. माठात तळाशी थोडं पाणी होतं, महिना-दीड महिन्याचं, हिरवं पडलेलं. फोडावा का, असं मी विचारलं. हाजराबी म्हणाली, दुष्काळात कोणी माठ फोडतं का, वेडे? शेवटी तो घासून पानं भिजवायला घेतला, गोदामाच्या आत.

तोवर पुढं कुणीतरी रांजण धुऊन, टँकरच्या पाण्यानं भरून ठेवला होता. सगळ्या बायका भोवती उभ्या. कोण आधी, कोण नंतर, काही कळेना. तेव्हा अत्तम्मा पुढं झाली, रांजणाशेजारी बसली, झाकण काढलं, ओगराळं भरलं आणि ग्लास घेऊन म्हणाली, ये सोजर, आधी तू. तिच्या मनात मायाच होती. मोठ्या कार्यात घरातली थोरली बाई जशी वाढायला बसते, तशी ती बसली होती.

सोजरबाई आली. पण ग्लासाला हात लावला नाही.

"वाढू नका, नरसुबाई," ती हळू आवाजात म्हणाली. "दुसऱ्याच्या दारी आजवर वरनं ओतलेलंच प्यायले. माझं मला घेऊ द्या."

अत्तम्मा ओगराळं हातात धरून बसली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. मग तिनं ओगराळं परत रांजणात सोडलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाजूला झाली. नुसती बाजूला झाली नाही, तर आपला पदरही आवरून घेतला, वाट मोकळी व्हावी म्हणून.

सोजरबाईनं स्वतःच्या हातानं ओगराळं बुडवलं, ग्लास भरला, उभ्यानं पाणी प्यायली. घाई केली नाही, थांबलीही नाही. पिऊन झाल्यावर ग्लास विसळला, ओगराळं झाकणावर ठेवलं आणि आपल्या जागेवर जाऊन सूप मांडीवर घेतलं.

तिच्या मागं मी होते.

आता सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आमच्या गल्लीतल्या, भीमनगरच्या, यल्लूबाई तर मान वाकडी करून. मी सासूकडे पाहिलं. ती दुसरीकडेच बघत होती, मुद्दाम. ती काही सांगणार नव्हती, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. मी ओगराळं उचललं. त्याची दांडी अजून ओली होती. ग्लास भरला आणि प्यायले. पाणी कोमट होतं, टँकरचं, त्याला थोडा लोखंडाचा वास येत होता. वाटत होतं की आता काहीतरी होईल, कुणीतरी काहीतरी बोलेल.

तेवढ्यात मागून पाठीत कोपर बसलं. हाजराबी होती. तिच्या हातात आज तांब्या नव्हता.

"झालं ना पिऊन? मग सरक की पुढं," ती म्हणाली. "रांग केवढी झालीय बघ."